तीन हजारांत वडिलांसाठी म्युझिक प्लेअर: आवाजाआधी बटणं, कार्ड आणि बॅटरी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील अडुसष्ट वर्षांचे, रोज पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला जातात. स्मार्टफोन खिशात नको म्हणतात. ऐकायचं ते अभंग, नाट्यसंगीत, तुकडोजी महाराजांची भजनं आणि तासातासाची कीर्तनं. लॅपटॉपवर ४० जीबींचा संग्रह आहे, त्यातला बराचसा सीडीवरून घेतलेला. बजेट ३००० रुपये. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, क्लिपवाले प्लेअर २५०-३०० रुपयांना दिसतात, ऑनलाइन स्क्रीनवाले दोन-अडीच हजारांना मिळतात. यातलं काय घ्यावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. सगळे पैसे प्लेअरमध्ये घालू नका. १८०० ते २००० रुपयांपर्यंतचा, खऱ्या दाबायच्या बटणांचा, मेमरी कार्ड लागणारा, फोल्डरनुसार गाणी दाखवणारा आणि बंद करून चालू केल्यावर त्याच जागेवरून पुढे वाजणारा प्लेअर घ्या. उरलेल्यात ६००-७०० चे इअरफोन आणि चांगल्या कंपनीचं ३२ जीबीचं कार्ड बसतं. असा प्लेअर हाती लागला नाही तर दीड हजाराच्या आतला कीपॅड मोबाईल सिम न घालता वापरा. या कामासाठी तो बहुतेक स्वस्त प्लेअरपेक्षा सरस ठरतो.

दुकानदार आवाजावर बोलतो, पण या किमतीत प्लेअर निवडायचा तो आवाजावरून नव्हे. एमपी३ उलगडून वाजवणारी चिप आज अगदी स्वस्त झाली आहे आणि दोन हजारांच्या प्लेअरमधलीही बऱ्यापैकी काम करते. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे शांत जागी ऐकू येणारी बारीक 'स्स्स' अशी खरखर. दुसरं म्हणजे आवाजाच्या पायऱ्या: काही प्लेअरमध्ये एक नंबर कमी, तर दोन नंबर कानठळ्या बसवणारा. या दोन्ही गोष्टी दुकानात पाच मिनिटांत कळतात. मात्र प्लेअर महिनाभरात कपाटात जातो तो आवाजामुळे नाही. कीर्तन रोज पहिल्यापासून सुरू होतं, बटण चुकून दाबलं जातं, नावांच्या जागी चौकोन दिसतात, बॅटरी फुगते, म्हणून जातो.

क्लिपवाला अडीचशेचा प्लेअर यात कुठे बसतो? त्याला स्क्रीन नसते. पुढे, मागे, थांबा, आवाज एवढंच. पन्नास-साठ भजनं ओळीने वाजली तरी चालत असतील तर तो वाईट नाही. पण आतला सेल बहुधा १००-२०० एमएएचचा असतो आणि बंद करताना जागा लक्षात ठेवणारे मोजकेच. तुमच्या वडिलांना तासाभराची कीर्तनं ऐकायची आहेत, त्यांच्यासाठी तो घेऊ नका.

आता जागा लक्षात ठेवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच जास्त फसगत होते. खोक्यावर 'रिझ्यूम' लिहिलेलं असलं तरी त्याचे तीन वेगळे अर्थ निघतात. काही प्लेअर फक्त गाणं लक्षात ठेवतात आणि ते पहिल्यापासून लावतात. काही मिनिट-सेकंदही लक्षात ठेवतात, पण फक्त शेवटच्या एका फाइलचं. मध्ये एखादा अभंग लावला की कीर्तनातली जागा गेली. काहींत बुकमार्कची सोय असते आणि प्रत्येक लांब फाइलची जागा वेगळी राहते. शिवाय बरेच प्लेअर नीट बंद केले तरच जागा नोंदवतात, बॅटरी संपून बंद पडले तर नाही. तिसरा प्रकार मिळाला तर उत्तम. दुसराच मिळाला तर कीर्तनाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. एमपी३डायरेक्टकट हा फुकट प्रोग्रॅम पुन्हा एन्कोड न करता फाइल कापतो, त्यामुळे आवाज जराही बिघडत नाही. जागा हरवली तरी मग पंधरा मिनिटांतच शोधायची राहते.

दुकानात जाताना स्वतःचं कार्ड तयार करून न्या. घरी एक तास लागतो, पण नंतर विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. कार्डावर हे असू द्या: ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एक एमपी३; एक व्हीबीआर, म्हणजे बदलत्या बिटरेटची एमपी३; एक एम४ए (एमपी३सारखाच फाइलचा दुसरा प्रकार); सीडीच्या दर्जाची एक फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेली फाइल; एक तासाचं कीर्तन; देवनागरी नावाचं एक फोल्डर आणि त्यात देवनागरी नावाच्या चार फाइल; नुसता तानपुरा किंवा अगदी संथ आलाप असलेली एक फाइल; आणि शेवटी, एकाच मैफलीतले लागून येणारे दोन ट्रॅक, जिथे विलंबित संपून द्रुत सुरू होतं.

तानपुऱ्याची फाइल लावून थांबवा आणि ऐका. थांबवल्यावरही खरखर राहिली तर ती प्लेअरची आहे, रेकॉर्डिंगची नाही. व्हीबीआर फाइलमध्ये पुढे सरका. स्वस्त चिप वेळ चुकीची दाखवते, पुढे नेताना भलतीकडेच उडी मारते आणि गाणं चार मिनिटांचं असून सात मिनिटांचं दिसतं. एवढ्यासाठी प्लेअर नाकारायची गरज नाही, घरी फाइल स्थिर बिटरेटच्या करता येतात. पण कीर्तनात बटण दाबून धरल्यावर तो किती वेगाने पुढे जातो ते नक्की बघा. सेकंदाला पाचच सेकंद सरकत असेल तर चाळिसाव्या मिनिटाला पोचायला आठ मिनिटं बटण धरून उभं राहावं लागेल.

मैफलीच्या दोन ट्रॅकमध्ये क्षणभर शांतता येते का, तेही तपासा. एमपी३ फाइल ठरावीक लांबीच्या चौकटींत बांधलेली असते. सीडीच्या दर्जाला एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा उरतेच. चांगला प्लेअर फाइलमधली या जागेची नोंद वाचून ती गाळतो, स्वस्त प्लेअर तशीच वाजवतो आणि वर पुढची फाइल उघडायला अर्धा सेकंद घेतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला समेच्या तोंडावर आलेला हा खड्डा फार टोचतो. या किमतीत हा दोष जवळपास सगळीकडे सापडेल. उपाय सोपा: असे ट्रॅक जोडून एकच फाइल करा.

देवनागरीचा मुद्दा स्वतंत्रपणे बोलावा असा आहे. खोक्यावर 'हिंदी भाषा' लिहिलेलं असतं ते मेनूबद्दल असतं, फाइलच्या नावांबद्दल नाही. कार्ड घालून बघितल्यावर तीनपैकी एक चित्र दिसेल: नुसते चौकोन, किंवा अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडलेली, किंवा सगळं व्यवस्थित. तिसरं चित्र स्वस्त प्लेअरमध्ये क्वचितच दिसतं, कीपॅड मोबाईलमध्ये पुष्कळदा दिसतं. वडिलांना इंग्रजी अक्षरं वाचायला अडचण नसेल तर फाइलला रोमन लिपीत छोटं नाव द्या. अडचण असेल तर नावाच्या नादी न लागता फोल्डरला नुसते आकडे द्या, ०१ अभंग, ०२ नाट्यगीत, ०३ कीर्तन, असं ठरवा आणि ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्लेअरच्या डबीत ठेवा. वयस्कर माणसाला हे दीड इंची स्क्रीनवरच्या बारीक नावांपेक्षा कितीतरी सोयीचं पडतं.

गायकानुसार, अल्बमनुसार यादी दाखवण्याची सोय या किमतीत विसरा. डाउनलोड केलेल्या जुन्या गाण्यांच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतच लिहिलेली गायक-अल्बमची माहिती) गायकाच्या जागी वेबसाइटचं नाव असतं, त्यामुळे यादी कचऱ्याने भरते. फोल्डरनेच चला. तरी टॅग ठेवायचे असतील तर एमपी३टॅग या प्रोग्रॅमने आयडी३ या टॅग-पद्धतीची २.३ ही आवृत्ती ठेवा, २.४ अनेक जुन्या चिपना कळत नाही. आत मोठं मुखपृष्ठ चिकटवलेलं असेल तर काढून टाका, त्याने गाणं सुरू व्हायला उशीर होतो.

आता ४० जीबींचं गणित. सीडीवरून वेव्ह स्वरूपात घेतलेलं संगीत मिनिटाला साधारण १० एमबी घेतं, फ्लॅक त्याच्या निम्म्याच्या आसपास, ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी आणि १९२ ची १.४४ एमबी. तुमचा सगळा संग्रह वेव्ह आहे असं धरलं तरी ते सुमारे ६६ तास होतात, आणि १९२ केबीपीएसमध्ये तेच सहा जीबींच्या आत मावतात. चालताना, रस्त्याच्या आवाजात, सातशेच्या इअरफोनवर १९२ आणि फ्लॅक यांत फरक ऐकू येणार नाही. मूळ फाइल लॅपटॉपवर जपून ठेवा, कार्डावर एमपी३ची प्रत घाला. कीर्तन आणि प्रवचन मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज), ६४ केबीपीएस पुरेसं आहे. एक तास २९ एमबीत बसतो. फक्त सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झच ठेवा. जागा वाचवायला तो २२ वर आणला तर काही स्वस्त प्लेअर अडखळतात.

म्हणून ३२ जीबीचं कार्ड पुरेल, आणि तेच घ्यावं असं ठामपणे सांगतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, त्याहून मोठी एक्सफॅटने. स्वस्त प्लेअरला एक्सफॅट बहुधा कळत नाही, मग तो 'कार्ड नाही' म्हणतो आणि माणूस कार्ड खराब आहे समजून परत करायला जातो. ६४ जीबीचं कार्ड घरात असेलच तर रुफससारख्या प्रोग्रॅमने ते फॅट३२ करता येतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय बहुधा दिसत नाही. कार्डाच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. ३२० केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त ४० केबी, साधं क्लास ४ कार्डही ते सहज देतं.

मात्र कार्ड खरं आहे की नाही हे घरी येताच तपासा. बनावट कार्ड ३२ जीबी दाखवतं, आत जागा ४ किंवा ८ जीबीच असते. भरताना तक्रार करत नाही, पुढची गाणी आधीच्यांवर लिहिली जातात किंवा हरवतात आणि महिन्याभराने 'फाइल खराब' असं येतं. एच२टेस्टडब्ल्यू हा विंडोजवरचा फुकट प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो. सेकंदाला १० एमबी वेग धरला तर नुसतं लिहायलाच तासभर लागतो, पण तो तास द्याच. खऱ्या ३२ जीबी कार्डावर संगणक २९ च्या आसपास जीबी दाखवतो. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

गाणी भरण्याचीही एक रीत आहे. बरेच स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, फाइल ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. हरिपाठाचा पाचवा अभंग पहिल्याच्या आधी वाजतो तो यामुळे. आधी रिकामं कार्ड फॉरमॅट करा, फाइलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक घाला आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. नंतर मध्येच एक गाणं घातलं तर ते शेवटीच जाईल; क्रम हवा असेल तर ते फोल्डर पुसून पुन्हा भरायचं. प्लेअरला केबल लावून भरण्यापेक्षा कार्ड काढून रीडरमध्ये घाला, वेळ खूप वाचतो. मॅकवरून भरत असाल तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल येते. प्लेअर ती गाणं समजून वाजवायला जातो आणि अडकतो. त्या फाइल शोधून पुसाव्या लागतात. काम झालं की 'इजेक्ट' केल्याशिवाय कार्ड ओढू नका.

इअरफोनला प्लेअरइतकंच महत्त्व द्या. १६ ते ३२ ओहमचे, साडेतीन मिलिमीटर पिनचे घ्या. कानाच्या आत घट्ट बसणारे टाळा, कानाच्या तोंडाशी अडकणारे जुन्या घडणीचे घ्या. एकतर त्यातून मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, दुसरं म्हणजे प्लेअरची खरखर त्यात कमी जाणवते. माइक असलेले मोबाईलचे इअरफोन काही प्लेअरमध्ये नीट बसत नाहीत. त्यांच्या पिनवर तीनऐवजी चार पट्ट्या असतात, दोन्ही कानांची सामाईक (ग्राउंडची) जोडणी सुटते आणि विचित्र प्रकार होतो: वाद्यं लांबून ऐकू येतात, गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. पिन किंचित बाहेर ओढल्यावर किंवा माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज आला तर दोष हाच. साधे तीन पट्ट्यांचे इअरफोन लावा.

रस्त्याने चालताना एकच कान वापरायला सांगा. पण मग स्टिरिओ गाण्याची एक बाजू ऐकू येणार नाही. काही जुन्या पद्धतीच्या स्टिरिओ मिश्रणांत गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला असते. स्वस्त प्लेअरमध्ये मोनोची सोय नसते, म्हणून एमपी३ बनवतानाच मोनो करा. जुनी ध्वनिमुद्रणं मुळातच मोनो आहेत, त्यात काही हरवत नाही, जागाही वाचते. आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, दर तीन डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. घरी शांत खोलीत आरामात ऐकू येईल तो आकडा ठरवा आणि बाहेर त्यापेक्षा फार वर जाऊ नका असं वडिलांना सांगून ठेवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी हा खरा कसोटीचा भाग आहे. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करू नये, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवाच तिथवर पोचते. चार्ज होताना सेल त्याहून गरम होतो. रात्री किंवा पहाटे चार्ज करा. उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर, स्कूटरच्या डिक्कीत प्लेअर ठेवू नका. खिडकीत कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको, कार्डाचे आणि पिनचे संपर्क काळे पडतात. मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं किंवा बटणं घट्ट झाली तर सेल फुगतो आहे. चार्जिंग लगेच थांबवा, टोचून किंवा दाबून बघू नका.

सेल बदलता येतो हे मात्र अनेकांना माहीत नसतं. पातळ सेलवर ४०२०३० असा आकडा असतो: जाडी ४.० मिमी, रुंदी २० मिमी, लांबी ३० मिमी. तोच आकडा, ३.७ व्होल्ट आणि संरक्षक सर्किट असलेला सेल मोबाईल दुरुस्तीवाल्याला मागा. डाग देताना एका वेळी एकच वायर तोडायला सांगा. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतच शॉर्ट होतो. प्लेअर महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवा, रिकामा ठेवलेला सेल पुन्हा उठत नाही.

टाइप-सी पिन असलेला प्लेअर घेतलात आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नसेल तर तो लगेच खराब समजू नका. स्वस्त यंत्रांत चार्जरला खूण देणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेले नसतात, त्यामुळे चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरली की चार्ज होतो.

कीपॅड मोबाईलची बाजू मी का घेतो ते आता लक्षात येईल. हजार एमएएच किंवा त्याहून मोठी, हाताने काढता येणारी बॅटरी, ३२ जीबी कार्ड, बोटाला कळणारी बटणं, स्पीकर, टॉर्च आणि बिल-वॉरंटीसह मिळणारी वस्तू. दुकानात तीन गोष्टी बघा: सिम नसताना संगीत चालतं का, बटणं लॉक असताना आवाज कमीजास्त होतो का, आणि कीर्तनाची जागा लक्षात राहते का. एका कंपनीच्या सिमला बांधलेले फोन यासाठी घेऊ नका. एफएम हवं असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये इअरफोनची वायरच अँटेना असते, ती लावल्याशिवाय विविध भारतीचं १००.६ नीट येणार नाही. आकाशवाणीची मध्यमलहरी मात्र यातल्या कशावरच लागत नाही, त्याला वेगळा रेडिओ लागतो.

घरात पडलेला जुना स्मार्टफोन हा फुकटचा पर्याय आहे. फ्लाइट मोडवर टाका, व्हीएलसी किंवा म्युझिकोलेट हे गाणी वाजवणारं अ‍ॅप घाला, बाकी सगळं काढा. देवनागरी, बुकमार्क, व्हीबीआर, मोठं कार्ड, सगळे प्रश्न मिटतात. अडचण वजनाची आणि टचस्क्रीनची. वडिलांना ती चालत असेल तर तीन हजार खर्चूच नका.

ब्लूटूथसाठी स्वस्त प्लेअर घेऊ नका. जोडणी तुटते, बॅटरी झपाट्याने उतरते. आयपॉडचं कुठलंच मॉडेल नव्याने मिळत नाही: नॅनो आणि शफल २०१७ मध्ये बंद झाले, टच २०२२ मध्ये. वापरलेल्या आयपॉडमध्ये सेल थकलेला असतो आणि साधारण कॉपी-पेस्टने गाणी भरता येत नाहीत. बजेट सहा हजारांच्या आसपास नेता येत असेल तर फिओ या कंपनीच्या स्नोस्की शाखेचा एको मिनी हा बटणांचा छोटा प्लेअर बघण्यासारखा आहे, २५६ जीबी कार्ड घेतो आणि आवाज स्वच्छ आहे. पण तोसुद्धा वरच्या कार्डाने तपासूनच घ्या.

खरेदी बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत कराल तर दुपारी चारच्या आत जा, संध्याकाळच्या गर्दीत कोणी पंधरा मिनिटं प्लेअर तपासू देत नाही, आणि त्या कोलाहलात खरखरही ऐकू येत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि बदलून द्यायची मुदत लिहून घ्या. पहिल्या दोन दिवसांत एकदा पूर्ण चार्ज करून सलग वाजवत ठेवा आणि किती तास चालतो ते लिहा. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचला नाही तर मुदतीत परत करा.